तीळ, चट्टा आणि डॉक्टर भाऊ दाजी

मी पडले कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठीची चूकभूल द्यावी घ्यावी!

गेल्या सेमिस्टरला माझ्या दंडावरचा तीळ मोठा वाटायला लागला आणि शेजारी एक फिकट चट्टा दिसला. सबमिशनच्या गडबडीत लांब बाह्यांचे ड्रेस घालून मी तो तीन आठवडे लपवला. रूममेटलाही सांगितलं नाही. मनात एकच शब्द होता, कुष्ठरोग. शेवटी आई मला रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डोळे मिटायला लावून चट्ट्यावर कापूस फिरवला. मला स्पर्श कळला. चट्टा साधा निघाला. तीळ म्हणे वयात येताना, गरोदरपणात, उन्हानेही बदलतात. पण एखादाच तीळ झपाट्याने वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, दोन-तीन रंग दिसले किंवा रक्त आलं तर लगेच दाखवायचं.

घरी आजीने कडू कवठीच्या तेलाची बाटली काढली. त्या तेलाची माहिती शोधताना मला भाऊ दाजी सापडले.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचं खरं नाव. जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा, घरची गरिबी. वडिलांबरोबर ते मुंबईला आले आणि एल्फिन्स्टनमध्ये शिकले. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून त्यांनी बक्षीस मिळवलं. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्याच्या पहिल्या तुकडीत ते होते. १८५१ साली डॉक्टर झाल्यावर भाऊ नारायण यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. शिवाय हा माणूस शिलालेख वाचायचा, जुनी नाणी जमवायचा, मुलींच्या शाळांसाठी झटायचा. आपल्याला चार विषयांची केटी सांभाळता येत नाही!

१८६५ साली मुंबईत शेअरबाजार कोसळला आणि त्यांचा पैसा बुडाला. तरी रोगी बघणं थांबलं नाही. पुढे १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

ज्यांना घरचे लोकही शिवत नसत, अशा कुष्ठरोग्यांवर ते सह्याद्रीत होणाऱ्या कडू कवठीच्या बियांचं तेल वापरत. काहींना गुण येई. पण औषधाची कृती त्यांनी उघड केली नाही, आणि त्यावरून टीकाही झाली. १८७३ साली नॉर्वेत हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. इकडे भाऊंना पक्षाघात झाला आणि १८७४ च्या मे महिन्यात ते गेले. स्वतःच्या हाताने प्रयोग जगापुढे मांडायचं राहूनच गेलं.

त्याच जातीच्या झाडांचं तेल पुढे १९४० च्या दशकापर्यंत जगभर कुष्ठरोगावर वापरलं गेलं. मग डॅप्सोन आलं, १९८१ पासून बहुविध औषधोपचार आला. आज सरकारी दवाखान्यात ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स फुकट मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या म्युझियमला १९७५ साली त्यांचं नाव दिलं. शाळेच्या ट्रिपला मी तिथे जाऊन आले होते, पण दारावरच्या नावाकडे लक्षच दिलं नव्हतं.

मित्रांनो, एवढ्या मोठ्या माणसाचंसुद्धा लपवलेलं ज्ञान त्याच्याबरोबर अडकून पडलं. मी तर नुसता चट्टा लपवला होता. उशीर झाला असता तर हाताच्या नसा गेल्या असत्या आणि ड्रॉइंगची पेन्सिलही धरता आली नसती. तेव्हा कातडीवर काही बदललेलं दिसलं, चट्ट्यावर स्पर्श कळेनासा झाला, तर बाह्या वर करा आणि दाखवा. सबमिशन थांबेल!