नील्स फिन्सेन : प्रकाशाने त्वचेवर उपचार करणारे डॉक्टर

चंद्रपूरच्या उन्हाला तुम्ही वैतागता ना? फेरो बेटांवर १८६० साली जन्मलेले नील्स फिन्सेन मात्र उन्हासाठी आसुसलेले असायचे. तरुणपणीच दुखणं जडलं होतं. ऊन अंगावर घेतलं की बरं वाटायचं. त्यातूनच त्यांचा अभ्यास सुरू झाला. देवीच्या रोग्याला लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवा, व्रण कमी राहतील, असं त्यांनी १८९३ मध्ये सुचवलं. ही युक्ती टिकली नाही. (सुरकुत्यांसाठी हल्ली विकतात तो लाल दिव्याचा मुखवटा वेगळा बरं का!) पण त्वचेच्या क्षयाने विद्रूप झालेले चेहरे त्यांनी भिंगातून एकवटलेल्या प्रकाशाने सुधारले. १९०३ चं नोबेल मिळालं. स्वतःचं दुखणं मात्र हटलं नाही. चाकाच्या खुर्चीत बसूनच काम चाललं. १९०४ साली, ४३ व्या वर्षी ते गेले.