बॅटरीविना ठिणगी : रॉबर्ट बॉश

मंगरूळपीरच्या आसपास शेतावर जाणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये एखादी तरी अशी असते, जिची बॅटरी कधीच गेलेली आहे. हॉर्न वाजत नाही, इंडिकेटर लागत नाही, पण दोन किक मारल्या की गाडी सुरू होते. लुनाला तर सुरुवातीपासूनच बॅटरी नव्हती. प्लगला लागणारी वीज मग येते कुठून? ती येते इंजिनालाच जोडलेल्या मॅग्नेटोतून. हा मॅग्नेटो रस्त्यावर धावण्याजोगा ज्याच्या कारखान्यात झाला, त्याचं नाव आजही प्लगच्या खोक्यावर दिसतं.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडील शेती करत आणि खानावळवजा सराय चालवत. रॉबर्टला उल्ममध्ये यंत्रकारागिराकडे उमेदवारीला ठेवलं. पण तिथं धड शिकवलंच गेलं नाही, ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. पुढे अमेरिकेत एडिसनच्या आणि इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात हात साफ करून ते परतले. 15 नोव्हेंबर 1886 रोजी स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्यांनी कार्यशाळा काढली. सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या. टेलिफोन, विजेच्या घंटा, येईल ते काम.

1887 मध्ये एका गिऱ्हाइकानं एका जागी बसवलेल्या गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. तसं यंत्र आधीच अस्तित्वात होतं. बॉश यांनी त्यावर पेटंट नसल्याची खात्री करून घेतली आणि मग सुधारून बनवलं. म्हणजे मॅग्नेटोचा शोध त्यांचा नव्हे, हे सांगायलाच हवं.

त्यामागचं तत्त्व मायकल फॅरेडे यांनी 1831 मध्येच दाखवून दिलं होतं : तारेच्या वेटोळ्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत वीज निर्माण होते. किक मारल्यावर इंजिनाचा दांडा फिरतो, त्यासोबत चुंबक असलेलं चाक फिरतं आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज येते. हा प्रवाह नेमक्या क्षणी तोडला की दुसऱ्या, खूप जास्त वेढ्यांच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. पाय हलका पडला तर चाक पुरेशा वेगानं फिरत नाही आणि ठिणगी कमजोर पडते. किक जोरात का मारायची, याचं उत्तर इथं आहे.

त्या काळच्या मोटारींना मात्र हे यंत्र झेपत नव्हतं. कोणी तापलेल्या नळीनं इंधन पेटवत असे, कोणी बॅटरी बाळगे, आणि ती वाटेतच संपे. 1897 मध्ये फ्रेंच बनावटीची एक तीनचाकी मोटारसायकल बॉश यांच्याकडे आली. तिच्या इंजिनाचा वेग जुन्या मॅग्नेटोच्या कितीतरी पुढे होता. त्यांचे सहकारी आर्नोल्ड झेरिंगर यांनी तोड काढली : वेटोळ्याचा जड गाभा हलवण्याऐवजी त्याभोवती धातूचं हलकं आवरण हलवायचं. 1902 मध्ये गोटलोब होनोल्ड यांनी उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. इथून कारखान्याचं नशीब पालटलं.

1906 मध्ये बॉश यांनी कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. जर्मनीत असं करणारे ते पहिल्या काही मालकांपैकी एक. तरी 1913 मध्ये त्यांच्याच कारखान्यात संप झाला आणि तो त्यांना लागला. पहिल्या महायुद्धात त्यांनी कारखान्याच्या इमारतीत जखमींसाठी इस्पितळ उघडलं. 1921 मध्ये मुलगा रॉबर्ट दीर्घ आजारानं वारला.

घरात वडिलांपासून होमिओपॅथीवर विश्वास. त्यातूनच 1940 मध्ये स्टुटगार्टमध्ये त्यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. होमिओपॅथीला वैज्ञानिक कसोटीचा आधार मिळालेला नाही. ते रुग्णालय आज आधुनिक उपचारांचं मोठं केंद्र आहे. यंत्राच्या बाबतीत प्रत्येक दावा तपासून पाहणारा हा माणूस औषधाच्या बाबतीत घरच्या श्रद्धेवर राहिला.

नाझी राजवट त्यांना मान्य नव्हती. त्यांनी ज्यूंना मदत केली, हिटलरविरोधी गटाला आधार दिला. त्याच वेळी त्यांची कंपनी युद्धसामग्री बनवत होती आणि तिथं वेठबिगार राबत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

12 मार्च 1942 रोजी, कानाच्या मधल्या भागातल्या संसर्गातून उद्भवलेल्या गुंतागुंतीनं, ऐंशीव्या वर्षी ते गेले. पेनिसिलिन तेव्हा सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोहोचलं नव्हतं. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनंच त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामात काढली.

त्यांच्या कंपनीचा एक कारखाना पुढे नाशिकला आला. मॅग्नेटोचं राज्य मात्र आता ओसरलं आहे. इंधन फवारणाऱ्या नव्या गाड्यांत पंपाला आणि संगणकाला आधी वीज लागते, म्हणून पूर्ण मेलेल्या बॅटरीवर नुसती किक बहुधा पुरत नाही. जुन्या गाडीची बॅटरी काढून चालवायची असेल, तर सुट्या तारांची टोकं चिकटपट्टीनं बंद करावीत. बॅटरीचा आधार नसला की वेगात दिव्यांवर जास्त दाब येऊ शकतो आणि बल्ब उडतो. रात्रीच्या रस्त्यावर ते महागात पडतं.