कर्नल पिकार: कामच केले म्हणून कैद



वरिष्ठांनी सोपवलेले काम माणसाने मन लावून करावे आणि त्याच कामापायी साऱ्या देशाच्या शिव्या खाव्यात, असे फ्रान्सच्या लेफ्टनंट कर्नल जॉर्ज पिकार यांच्या वाट्याला आले. त्यांची हकीगत सांगताना आम्हा कॅथॉलिकांची मान थोडी खाली जाते, तरी आज ती सांगतो.

पिकार यांचा जन्म 1854 साली स्ट्रासबुर्ग येथे झाला. 1894 च्या डिसेंबरात कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या यहुदी अधिकाऱ्याला जर्मनीला गुपिते पुरवल्याच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली. त्या खटल्याचा वृत्तांत युद्धमंत्र्यांना देण्याचे काम पिकार यांच्याकडे होते. ड्रायफस दोषी आहेत असेच त्यांना तेव्हा वाटत होते. यहुद्यांविषयीचा त्या काळचा आकसही त्यांच्या मनात होता. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यांनी केले ते मैत्रीपोटी नव्हते.

1895 च्या जुलैत ते हेरखात्याचे प्रमुख झाले. 1896 च्या मार्चमध्ये जर्मन वकिलातीच्या केरातून आलेले एका निळ्या चिठ्ठीचे कपटे त्यांच्या कार्यालयात जोडले गेले. चिठ्ठी मेजर एस्तरहाझी या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाची होती! हेर शोधणे हेच तर पिकार यांचे काम. ऑगस्टमध्ये त्यांनी एस्तरहाझीची पत्रे मिळवली आणि ज्या कागदावरून ड्रायफस दोषी ठरले होते त्याच्याशी अक्षर ताडून पाहिले. अक्षर एकच निघाले. त्यांनी रीतसर वर कळवले. वरिष्ठांना मात्र जुने प्रकरण उकरायचे नव्हते. वर्ष संपण्यापूर्वी पिकार यांची पॅरिसहून उचलबांगडी झाली आणि पुढे त्यांना ट्युनिशियात धाडण्यात आले.

1898 च्या जानेवारीत एस्तरहाझी निर्दोष सुटला आणि दोनच दिवसांनी पिकार यांना अटक झाली. फेब्रुवारीत बडतर्फी. ऑगस्टमध्ये उघड झाले की पिकार यांच्याच हाताखालच्या आंरी नावाच्या अधिकाऱ्याने ड्रायफसविरुद्ध खोटा कागद बनवला होता. आंरीने कोठडीत आत्महत्या केली. तरी जुलैत पुन्हा पकडलेले पिकार 1899 च्या जूनपर्यंत तुरुंगातच राहिले.

बाहेर वर्तमानपत्रे त्यांना देशद्रोही, यहुद्यांना विकला गेलेला म्हणत होती. ड्रायफसच्या बाजूने उभे राहणाऱ्यांवर तुटून पडण्यात ‘ला क्रुआ’ हे कॅथॉलिक दैनिक पुढे होते. या नावाचा अर्थ क्रूस! मिस्साहून घरी परतून किती भाविकांनी ते अंक वाचले असतील, आणि वाचून माना डोलावल्या असतील. शंभर वर्षांनी, 1998 साली, त्या दैनिकाने आपल्या तेव्हाच्या लिखाणाबद्दल क्षमा मागितली.

1906 साली ड्रायफस निर्दोष ठरले. पिकार ब्रिगेडियर जनरल झाले आणि त्याच वर्षी युद्धमंत्री. येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण कैदेत गेलेली वर्षे बढतीसाठी धरली जावीत अशी ड्रायफस यांची मागणी होती, ती मंत्री झालेल्या पिकार यांनी मान्य केली नाही. ज्यांच्यासाठी एकाने नोकरी घालवली आणि तुरुंग सोसला, ते 1907 साली नाराज होऊन लष्करातून निवृत्त झाले.

1909 मध्ये पिकार यांचे मंत्रिपद गेले आणि ते पुन्हा सैन्यात रुजू झाले. 1914 च्या जानेवारीत घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीने आमियाँ येथे त्यांचे निधन झाले.