बाबासाहेबांचे टायपिस्ट : नानकचंद रत्तू

आमच्या हदगावात दहावीची परीक्षा झाली की घरचे म्हणतात, सुट्टीत टायपिंग लाव. तीस-चाळीसची परीक्षा निघाली तर कुठंतरी क्लार्कची जागा मिळेल, एवढाच हिशेब. इंजिनिअरिंगला आलेली आपली मंडळी मात्र दोन बोटांनी प्रोजेक्ट रिपोर्ट बडवतात अन् टायपिंगला हलकं काम समजतात. म्हणून मला रत्तूंबद्दल लिहावंसं वाटलं.

नानकचंद रत्तू पंजाबातल्या होशियारपूर जिल्ह्याचे. जन्म १९२२ चा. दिल्लीत सरकारी नोकरीला होते. काही मोठे साहेब नव्हते, पण टायपिंग हातात होतं. आणि बाबासाहेबांना शेवटच्या काळात नेमकं तेच हवं होतं. १९५१ साली मंत्रिपद सोडलेलं, मधुमेहानं तब्येत पोखरलेली, नजर अधू होत चाललेली, अन् लिहायचं मात्र डोंगराएवढं!

दिवसभर ऑफिस करून रत्तू २६, अलीपूर रोडवर यायचे आणि रात्री उशिरापर्यंत टाइप करत बसायचे. पगाराची अपेक्षा न ठेवता. बाबासाहेब लिहिलेलं पुन्हा पुन्हा बदलायचे. तेव्हा काही कट-पेस्ट नव्हतं. मधे एक परिच्छेद घुसवला की पुढची पानं परत मारा. कार्बन लावलेला असला तर प्रत्येक प्रतीवरची चूक वेगळी खोडा. त्यात हस्तलिखित बघून टाइप करायचं म्हटलं तर नजर कागदावरच पाहिजे, नाहीतर ओळ सुटलीच समजा. क्लासमध्ये मशीनकडे बघू देत नाहीत ते उगाच नाही. वेळ कमी असलेल्या माणसाचं लिखाण असं रात्री-रात्री कागदावर उतरत होतं.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद मागून घेतले. रत्तूंनी ते टेबलावर ठेवले आणि उशिरा घरी गेले. ६ तारखेला सकाळी बाबासाहेब गेल्याचं कळलं. ग्रंथ १९५७ साली छापून आला.

रत्तूंनी पुढं या दिवसांच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, १९९७ ला पुस्तक निघालं. २००२ साली ते वारले. बाबासाहेबांच्या ज्या वस्तू त्यांनी जपल्या होत्या त्या वामनराव गोडबोले यांच्याकडे दिल्या. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा कोट, टोपी अन् टाइपरायटर ठेवलेला आहे. नागपूरला गेलात तर बघून या.