संत फ्रान्सिस झेवियर : नकार पचवणारा प्रेषित



संत फ्रान्सिस झेवियर म्हटले की जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका आणि दर्शनासाठी लागलेली भाविकांची रांग आपल्या डोळ्यांसमोर येते. हजारोंना बाप्तिस्मा देणारा यशस्वी प्रेषित अशीच त्यांची प्रतिमा आपण मनात जपली आहे. परंतु जपानमधील त्यांची सव्वादोन वर्षे पाहिली, तर होकारापेक्षा नकारच अधिक ऐकणारे फ्रान्सिस आपल्याला भेटतात. श्रद्धेविषयी बोलायला जावे आणि समोरच्याने तोंड फिरवावे, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. म्हणून आज त्यांच्या त्या दिवसांकडे वळूया.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवार राज्यात, आजच्या स्पेनमध्ये, झेवियरच्या किल्ल्यात झाला. पॅरिस विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकले आणि त्यांनी ते शिकवलेही. तेथेच संत इग्नेशियस यांच्या सहवासात त्यांचे जीवन पालटले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढे १५४७ साली मलाक्का येथे त्यांना अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ भेटला आणि जपानची ओढ लागली. अंजिरोचा बाप्तिस्मा गोव्यात झाला. त्याला सोबत घेऊन, फादर कोस्मे द तोरेस आणि ब्रदर हुआन फर्नांडिस यांच्यासह, फ्रान्सिस १५ ऑगस्ट १५४९ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, कागोशिमा बंदरात पोहोचले.

सुरुवात चांगली झाली. तेथील सरदाराने त्यांचे स्वागत केले. सुमारे शंभर जणांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र वर्षभरात वारे फिरले आणि सरदाराने नव्या बाप्तिस्म्यांवर बंदी घातली. फ्रान्सिस पुढे निघाले. यामागुची शहरात ते आणि ब्रदर फर्नांडिस रस्त्याच्या चौकात उभे राहून प्रवचन करीत. ब्रदर जपानी भाषेत वाचून दाखवीत आणि फ्रान्सिस बाजूला उभे राहून प्रार्थना करीत. लोक हसत, नकला करीत, मुले मागे लागत.

मग सम्राटाची परवानगी मिळवण्यासाठी ते ऐन हिवाळ्यात, बर्फ तुडवीत, राजधानी मियाकोला म्हणजे आजच्या क्योटोला गेले. यादवी युद्धाने शहर उद्ध्वस्त झाले होते. फाटक्या कपड्यांतील, भेटवस्तू न आणलेल्या परदेशी माणसाला राजवाड्यात प्रवेश मिळाला नाही. अकरा दिवसांत ते परत फिरले.

या नकारातून फ्रान्सिस यांनी एक गोष्ट ओळखली. त्या देशात सरदाराला भेटण्याची एक रीत होती आणि आपण ती पाळली नव्हती. गरिबीचा वेश त्यांना प्रिय होता, पण तो वेश म्हणजे शुभवर्तमान नव्हे. १५५१ साली ते रेशमी वस्त्रे घालून, घड्याळ आणि वाद्य अशा भेटी व गोव्याहून आणलेली अधिकृत पत्रे घेऊन पुन्हा यामागुचीला गेले. सरदाराने प्रवचनाची मुभा दिली आणि राहण्यासाठी एक रिकामे मंदिरही दिले. त्या भेटी दरबारी शिष्टाचाराच्या होत्या. बाप्तिस्मा घेणाऱ्या कोणालाही आमिष दाखवलेले नव्हते.

याच शहरात प्रवचन चालू असताना एकाने ब्रदर फर्नांडिस यांच्या तोंडावर थुंकल्याचे सांगतात. ब्रदरनी रुमालाने चेहरा पुसला आणि पुढचे वाक्य सुरू केले. ते पाहणारा एक विरोधक त्या संयमानेच येशूकडे वळला.

मात्र फ्रान्सिस यांची खरी परीक्षा नकारात नव्हती, ती होकारात होती. अंजिरोच्या सल्ल्याने ते परमेश्वरासाठी दाइनिची हा शब्द वापरत होते. शिंगोन पंथाचे भिक्षू त्यांचे प्रेमाने स्वागत करीत. अधिक विचारपूस केल्यावर फ्रान्सिस यांना कळले, की दाइनिची हे त्याच पंथाच्या आराध्याचे नाव आहे. ते गप्प राहिले असते तर मैत्री टिकली असती. त्यांनी तो शब्द टाकला, लॅटिनमधील देउस हा शब्द स्वीकारला आणि भिक्षूंचा रोष पत्करला. गैरसमजावर उभा असलेला होकार त्यांना नको होता.

आम्हाला येथे थांबावेसे वाटते. नकार टाळण्यासाठी आपण किती वेळा येशूचे नाव पुसट करून बोलतो? उलट, कधी कधी आपल्या बोलण्याच्या तऱ्हेला मिळालेला नकार आपण प्रभूला मिळालेला नकार समजतो. फ्रान्सिस यांनी वेश बदलला, रीत बदलली, शब्द बदलला, प्रभूला मात्र बदलले नाही.

सारेच प्रश्न त्यांना सोडवता आले नाहीत. बाप्तिस्मा न घेता वारलेल्या आपल्या पूर्वजांचे काय, असे विचारीत नवे ख्रिस्ती रडत. त्या काळच्या शिकवणुकीनुसार फ्रान्सिस त्यांना दिलासा देऊ शकले नाहीत आणि त्यांचे दुःख पाहून स्वतःही व्यथित झाले. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट शिकवले. त्या अश्रूंचा प्रश्न ख्रिस्तसभेने विसरून चालणार नव्हते.

यामागुचीत काही महिन्यांत सुमारे पाचशे जण ख्रिस्ती झाले. त्यांत वाद्य वाजवून पोट भरणारा, जवळजवळ आंधळा असा एक तरुण होता. लोरेन्सो हे नाव घेऊन तो पुढे येशूसंघाचा ब्रदर झाला आणि जपानचा मोठा प्रवचनकार ठरला.

शेवटचा नकार चीनचा होता. किनाऱ्याजवळच्या सँशियन बेटावर फ्रान्सिस नावेची वाट पाहत राहिले. नाव आली नाही. ३ डिसेंबर १५५२ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इटलीत मात्तेओ रिची यांचा जन्म झाला होता. १५८३ साली त्यांनी चीनमध्ये मिशन उभे केले. फ्रान्सिस यांना ते दिसले नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, घरातला तरुण मुलगा मिस्साला यायला नको म्हणतो, कामावरचा सोबती येशूचे नाव निघताच विषय बदलतो. त्यांना नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य देवानेच दिले आहे. त्यांच्यावर रागवू नये, त्यांच्याशी अबोलाही धरू नये. आपले काय चुकले ते तपासावे, प्रेम चालू ठेवावे आणि बाकीचे प्रभूवर सोपवावे.

संत फ्रान्सिस झेवियर, आम्हासाठी विनंती करा.