झुंजारला चेहरा कुणी दिला? मराठी सुपरहिरोंचा चित्रकार रघुवीर मुळगावकर

बॅटमॅन आणि सुपरमॅन आज शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत. पण एकेकाळी गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींमध्ये वेड होतं ते झुंजारचं!

झुंजार म्हणजे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक. त्याला उडता येत नव्हतं, त्याच्याकडे कुठली दैवी शक्तीही नव्हती. डोकं, हिंमत आणि वेळ पडली तर कायदा बाजूला ठेवून गरिबाला न्याय मिळवून द्यायची तयारी, एवढंच त्याचं भांडवल. काळा पहाड आणि धनंजय-छोटू ही जोडीही अर्नाळकरांचीच. त्यांनी अशा हजारहून जास्त कथा लिहिल्या.

पण ही कॉमिक्स नव्हती. पानोपानी चित्रं नसायची. मग झुंजार दिसतो कसा, हे वाचकाला कळायचं कुठून? मुखपृष्ठावरून. आणि ही मुखपृष्ठं रंगवणाऱ्यांमधलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे रघुवीर मुळगावकर.

मुळगावकरांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१८ चा, गोव्यातल्या अस्नोड्याचा. पुढे ते मुंबईत आले आणि एस. एम. पंडित यांच्यासारख्या नामवंत चित्रकाराकडून त्यांनी कामाचे धडे घेतले. दीनानाथ दलाल हे त्याच काळातले दुसरे गाजलेले चित्रकार. तेही मूळचे गोव्याचेच. दलालांचा 'दीपावली' आणि मुळगावकरांचा 'रत्नप्रभा' या दिवाळी अंकांची वाचक वाट बघायचे.

मुळगावकरांची खासियत होती स्प्रेचं काम. रंगाचा बारीक फवारा मारून ते चेहऱ्यावर अशी झळाळी आणायचे की चित्र कागदातून बाहेर येतंय असं वाटावं. रहस्यकथांना याची गरजही होती. ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापली जायची आणि बरेचसे वाचक ती विकत न घेता सर्क्युलेटिंग लायब्ररीतून भाड्याने आणायचे. पुस्तकांच्या गर्दीत हात नेमका कशावर पडेल, हे मुखपृष्ठच ठरवायचं.

१९६४ मध्ये मुंबईतूनच इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं आणि फँटम 'वेताळ' बनून मराठी घरांत आला. पण त्याच्या कितीतरी आधी मराठी पोरांच्या डोळ्यांसमोर स्वतःचे हिरो उभे होते.

तरीही कलेच्या जगात मुळगावकरांना बराच काळ 'कॅलेंडरवाले' म्हणूनच ओळखलं गेलं. राम, कृष्ण, लक्ष्मी, गणपती अशी देवांची असंख्य चित्रं त्यांनी काढली आणि कॅलेंडरांमधून ती घराघरांत पोहोचली. ३० मार्च १९७६ ला, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

गंमत बघा, देवांची चित्रं लोकांनी फ्रेम करून जपली. झुंजारची पुस्तकं मात्र हातोहात फिरून फाटली. सगळ्यात आधी सुटलं ते मुखपृष्ठ, आणि उरलेलं पुस्तक गेलं रद्दीत. ज्या चित्रांवर सगळ्यात जास्त हात फिरले, तीच आज सगळ्यात दुर्मीळ झाली आहेत.

त्यामुळे आजोबांच्या ट्रंकेत एखादी जुनी रहस्यकथा सापडली, तर रद्दीत टाकण्याआधी मुखपृष्ठाचा कोपरा नक्की बघा. तिथे मुळगावकरांची सही असू शकते.