आपल्या गावचे काकासाहेब

स्मरणिका समितीने लेख मागताना एकच अट घातली होती: राजकारण नको. मी हो म्हटले आणि नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हा विषय कळवला. आपल्या सांगलीचा माणूस, नाटककार, कुणाची काय हरकत असणार! लिहायला बसले तेव्हा पंचाईत लक्षात आली.

तुम्हाला आठवत असेल, नववीच्या स्नेहसंमेलनात आपण ‘कीचकवधा’तला एक प्रवेश केला होता. मी द्रौपदी होते. आपल्या लेखी ते महाभारत होते आणि सगळी धास्ती पाठांतराची. हे नाटक सरकारने बंद पाडले होते, हे मला कळले ते इंजिनिअरिंग होऊन नोकरीला लागल्यावर.

खाडिलकरांचा जन्म १८७२ सालचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि पुढे टिळकांच्या ‘केसरी’त गेले. मधल्या काळात नेपाळात जाऊन त्यांनी कौलांचा कारखाना काढला. कौले दाखवायची, आत बंदुका करायच्या, असा बेत होता. तो तडीस गेला नाही. (शाळेत हे सांगितले असते तर इतिहासाच्या तासाला एकही मूल पेंगले नसते.)

‘कीचकवध’ रंगभूमीवर आले १९०७ साली. बंगालच्या फाळणीची जखम ताजी होती. नाटकात ना इंग्रज, ना व्हाइसरॉय. पण प्रेक्षक कीचकात कर्झन पाहत, सैरंध्री झालेल्या द्रौपदीत देश, धीर धरा म्हणणाऱ्या युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. मला कौतुक वाटते ते याच बांधणीचे. कथा घराघरांत माहीत, त्यामुळे समजावून सांगावे लागत नाही. आणि पकडायला जावे तर हातात नुसते व्यासांचे पर्व. सरकारही गोंधळले असावे, कारण बंदी यायला १९१० उजाडले. तोवर टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. बंदी घालायला १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हाताशी होताच. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही आपल्या पुस्तकात या नाटकाची दखल घेतली. तेव्हा द्रौपदीचे काम पुरुष नट करीत. आपल्या वेळी निदान एवढी प्रगती झाली होती!

पुढच्याच वर्षी, १९११ ला, ‘संगीत मानापमान’ आले. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, धैर्यधर आणि भामिनीचे प्रेम. आता काकासाहेब राजकारण सोडून गाण्यांत रमले, असे वाटावे. पण जुलै १९२१ मध्ये याच नाटकाचा संयुक्त प्रयोग मुंबईत झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन कंपन्या एका मंचावर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले.

खाडिलकरांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ काढला आणि १९२९ साली राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षाही भोगली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये पनवेलला त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्याचे एक वर्ष त्यांना पाहायला मिळाले.

मेळाव्याला तोच प्रवेश पुन्हा करायचे आमच्या तुकडीत घाटते आहे. समितीची परवानगी अजून यायची आहे. आमच्या भीमाला गुडघ्याचा त्रास आहे, पण तो येतो म्हणाला आहे.